रताळी

मार्केट यार्डात रताळ्यांच्या पोत्यांमागं सापडली,
म्हणून रताळी.
रंगही तोच, मातीतून नुकता उपटलेला.
मागचा डावा पाय हातगाडीखाली चेपलेला.
दस्तगीर कंपाउंडर प्लास्टर घालत होता
आणि ही त्याचाच हात चाटत होती.
तो म्हणाला, ताई, चावणाऱ्याला जागा मिळते,
हिचं कठीण आहे.

तेव्हा हसले मी.

अकरा महिने माझ्या मशिनखाली झोपली,
वडगावात, मागांच्या खडखडाटात,
फॉल-पिकोच्या चिंध्यांवर.
गिऱ्हाईक आलं की उठायची, लंगडत जायची
आणि पोटरीला सगळं अंग टेकून
उभी राहायची. एवढंच.
जणू बाई पडेल म्हणून धरून ठेवलीय.
उधारी थकलेल्या बायकासुद्धा
जरा जास्त वेळ थांबायच्या.

एकच खोड. बस म्हटलं तर बसायची नाही.
बिस्किट दाखवलं, दटावलं, पाठीवर हात दाबला,
मान वाकडी करून बघत राहायची तोंडाकडं.
हट्टी गा तू, म्हणायची मी.

मग घरमालक मुतकेकर. भांडण नाही, काही नाही,
सुनेला दमा, जिन्यात केस.
महिन्याची मुदत दिली,
आणि देताना हिच्या कानामागं खाजवत होते.

टिळकवाडीचं एक जोडपं आलं.
भुंकते का?
एकदा भुंकली होती, म्हटलं. आरशावर.
आणि चोर आला तर?
खोटं कसं बोलू,
चोरालाही टेकून उभी राहील.
हसले, चहा प्याले, गेले.

उचगावच्या एकाला शेतावर हवी होती, साखळीनं.
साखळी किती लांब, विचारलं मी.
त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले.
रताळी उठली
आणि त्या पसरलेल्या हातांत जाऊन शिरली.
मीच नको म्हटलं.

शेवटी नीलव्वा.
नेसरगी स्टँडजवळ तिची खानावळ,
पुतणीच्या लग्नाच्या पंधरा साड्या घेऊन आली होती.
तिचं मराठी बाजारापुरतं, माझं कन्नड तिकिटापुरतं.
तिनं पोटरीकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं,
आणि म्हणाली, कोडु. दे.

बसमध्ये कंडक्टरनं हिचं अर्धं तिकीट काढलं.
मी कागदावर लिहून नेलं होतं सगळं:
दूध पचत नाही. पाय थंडीत दुखतो.
तिसरं, बस म्हटलं तर बसत नाही, मारू नका.
ते वाचायला नीलव्वाला चष्मा सापडेना.
ती भाकरी थापत होती, पाठ आमच्याकडं,
पायात घुटमळणाऱ्या हिला
न बघताच म्हणाली,
कुंद्र.

रताळी बसली.
ताठ, अधू पाय बाजूला काढून,
शाळेतल्या पोरीसारखी.

कुणीतरी शिकवलं होतं तर.
पोत्यांच्या आधी एक उंबरा होता,
कुणाच्या तरी हातात शिळा तुकडा होता
आणि हा शब्द होता.
तिथून ती यार्डात कशी आली,
की कुणी आणून सोडली,
हे दस्तगीरलाही ठाऊक नाही.
आणि मी अकरा महिने
तिला हट्टी म्हणत होते.

नाव विचारलं नीलव्वानं. अर्थ सांगितला.
गेणसु! म्हणून पीठभरल्या हातानं तोंड झाकून हसली.
आता बहुतेक तेच म्हणत असेल.
मी निघाले तेव्हा रताळी
एका ड्रायव्हरला टेकून उभी होती,
त्याचं जेवण व्हायचं होतं.
माझ्याकडं बघितलं तिनं. शेपटी हलवली.
आली नाही मागं.
यावं असं वाटत होतं, खोटं कसं बोलू.

रात्री मागांचा आवाज थांबल्यावर
मशिनखाली पाय गार पडले.
चिंध्या गोळा केल्या, परत पसरल्या,
आणि हळूच म्हणून बघितलं,
कुंद्र.

उच्चार अजून नीट येत नाही.